त्याच पाच पट्ट्या

शनिवारी रात्री भजन आटोपलं, टाळ पिशवीत गेले आणि चहा आला की मी एक कोडं घालतो. फैजपुरात आमच्या मंडळाचा हा नेम काही वर्षं चालू आहे. एका शनिवारी अट एवढीच होती, की पेटीच्या पाच काळ्या पट्ट्या सोडून बोट दुसरीकडे जाणार नाही. मोबाईलवरचा तंबोरा काळी तीनला लावला आणि त्या पाच पट्ट्यांवर फिरलो. "भूप," तिघं-चौघं एकदम म्हणाले. मग पट्ट्या त्याच ठेवून फक्त तंबोरा काळी पाचला नेला. कुणी काही बोलेना. केळीच्या मळ्यातून पाणी भरून थेट भजनाला आलेले एक काका डोळे न उघडताच म्हणाले, "हे तं मालकंस झालं रे भाऊ."

भूपातल्या गंधाराला सा मानलं की मालकंस उभा राहतो. पंचमाला मानलं तर दुर्गा, रिषभाला मानलं तर मधमाद सारंग आणि धैवताला मानलं तर धानी. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. काकांनी हा शब्द उभ्या आयुष्यात वापरला नसेल, पण सुरांनी घर बदललेलं त्यांच्या कानाला कळलं. त्या रात्री मला माझ्या कामाचं खरं माप मिळालं. जे कोडं कागदावर सुटतं आणि कानाला पत्ता लागू देत नाही, ते मी आता घालत नाही.

याआधी मी तसली पुष्कळ घातली होती. एकदा पेटीवर पूरियाचे सूर सरळ चढवले, उतरवले आणि राग विचारला. दोघं म्हणाले मारवा, एक मुलगी म्हणाली सोहनी. मी तिघांनाही चूक ठरवलं. घरी जाताना लक्षात आलं, चूक माझी होती. तिन्ही रागांचे सूर तेच. मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो, पूरिया खाली मंद्रात शिरतो आणि गंधार-निषादाला धरून राहतो, सोहनी वर तार षड्जाकडे धावते. मी कुठेच थांबलो नव्हतो, तर त्यांनी ओळखायचं कशावरून? पुढच्या शनिवारी तिघांची माफी मागितली आणि तेच कोडं नीट थांबत थांबत वाजवलं.

आपल्याकडच्या रचनांना एकमेकींशी जोडणारे धागे शोधायचे तर जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडावं. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल असतो, आणि 'चाल' म्हणून कुठल्यातरी चीजेचे, लावणीचे किंवा आधीच्या एखाद्या पदाचे दोन-तीन शब्द. कोडं आणि उत्तर एकाच पानावर! अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून ही रीत दिसते. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याचा पूरबी रंग आणला, १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या चीजा पदांत उतरवल्या. ती पदं घरोघर पोचवणाऱ्या बालगंधर्वांनी लहानपणी आमच्या जळगावातच महबूबखाँकडे धडे घेतले होते, याचा मला फार अभिमान वाटतो. मी 'चाल'ची ओळ तळहाताने झाकतो, पद म्हणतो आणि मूळ चीज विचारतो. पदातला एखादा शब्द विनाकारण लांबला असेल तर तिथे कान द्यायचा. बहुतेकदा मूळ चीजेचं सम गाठणारं अक्षर तिथे लपलेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे मुद्रा. बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकार आपलं टोपणनाव गुंफतो. सदारंग, प्रेमपिया ही नावं पोरांनाही पाठ झाली आहेत. पण मला सगळ्यांत आवडतं ते 'गुणीदास' आणि 'गुणिजान' यांचं कोडं. पहिले जगन्नाथबुवा पुरोहित, दुसरे त्यांचे शिष्य सी. आर. व्यास. गुरूच्या नावातला अर्धा भाग शिष्याने आपल्या नावात जपला आहे. हे सांगितलं तेव्हा बैठकीतल्या दोघांनी आपापल्या गुरूचं नाव काढलं, आणि त्या रात्री कोडी तिथेच थांबली.

परदेशातले धागेही अधूनमधून आणतो. मोझार्टची १७८८ ची चाळिसावी सिंफनी स्पीकरवर लावली, तर पहिल्याच तुकड्याला एक आजी 'छाया' चित्रपटातलं तलत-लताचं गाणं गुणगुणू लागल्या. सलिल चौधरींनी १९६१ साली ते तिथूनच उचललं होतं. आजींना मोझार्ट ठाऊक नव्हता, गाणं मात्र पुरतं ठाऊक होतं.

गेल्या शनिवारी खेळ उलटला. सोहनी म्हणणारी तीच मुलगी, आता दहावीत आहे, पेटी पुढे ओढून बसली. तंबोरा बंद केला आणि त्याच पाच काळ्या पट्ट्या वाजवत राहिली. "सर, राग कुठला?" मी ऐकत राहिलो. कधी भूप वाटे, कधी दुर्गा. ती मुद्दाम कुठेच टेकत नव्हती. शेवटी मी म्हणालो, "बेटा, आधी सा दे." तिने जरा विचार केला, काळी दोनवर बोट ठेवलं आणि भाता सावकाश हलवत तो एकच सूर धरून ठेवला. मग उरलेल्या चार पट्ट्या एकेक करून त्याच्याभोवती मांडल्या. धानी. मागे बसलेल्या एकाला 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आठवलं. संगीतकार अभिषेकीबुवांनी त्यात नाटककार दारव्हेकरांचं एकच पद दोन पात्रांसाठी दोनदा बांधलंय, खाँसाहेबांसाठी धानीत आणि पंडितजींसाठी सालगवरालीत. त्याने धानीतली चाल उचलली. मुलीने सूर सोडला नाही. मळ्यातले काका पिशवीतून टाळ पुन्हा बाहेर काढत होते.