प्रवासातला पाळणा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांतून तान्ह्या नातीला घेऊन हिंडायचे, तर तिच्या निजण्याची सोय कोणती न्यावी, हा प्रश्न आमच्या घरात उपस्थित झाला. तेथील आयाबायांचे उत्तर जुने आहे : सुती साडीची झोळी. घरात आढ्याला, शेतावर झाडाच्या फांदीला ती बांधतात. तमिळमध्ये तिला ‘तूळि’ म्हणतात. तिची घडी पिशवीत मावते, तिच्यात वारा खेळतो. मला तिच्याविषयी जिव्हाळा आहे. परंतु ही निवड जिव्हाळ्यावर सोडता येत नाही. झोळीत अंग वाकते. हनुवटी छातीला टेकली, तर मान न धरणाऱ्या मुलाचा श्वास कोंडू शकतो. म्हणून सपाट, घट्ट तळाचा व जाळीच्या बाजूंचा घडीचा पाळणा आम्ही पसंत केला. त्यात उशी घालायची नाही. मुलाला उताणे निजवायचे. चालत्या मोटारीत मात्र तोही उपयोगी नाही. तेथे पट्ट्यांचे बालआसनच हवे.

हा पाळणा झुलत नाही, अशी सूनबाईंची तक्रार होती. मराठीत ‘पाळणा’ ही वस्तू आहे आणि गाणेही. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतल्यापासून मराठीच्या शेजारी नांदणारी तमिळ अंगाईला ‘तालाट्टु’ म्हणते. ‘ताल’ म्हणजे जीभ, ‘आट्टु’ म्हणजे हलविणे. तेथे झुलते ती जीभ. अंथरूण स्थिर राहिले, तरी मुलाचे काही उणे होत नाही. गाणे म्हणण्याचे काम आजीकडे सोपविले आहे.