बक 110 आणि धारेची संध्याकाळ

1965च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेचे दरवाजे किलकिले झाले आणि आमच्या पिढीतले कितीतरी मराठी इंजिनिअर डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत जाऊन पोचले. तिथल्या कामगारांच्या पट्ट्याला एक काळं चामडी म्यान हमखास दिसायचं. आत घडीचा शिकारी चाकू, बक 110. कॅलिफोर्नियातल्या बक कंपनीनं तो 1964मध्ये बाजारात आणला. पावणेचार इंची पातं, आबनुसाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ. पातं पूर्ण उघडलं की पाठीचा खटका टक् करून बसायचा, आणि मग ते बोटांवर मिटण्याची धास्ती राहायची नाही.

आता चाकू एका हातानं, अंगठ्याच्या रेट्यानं उघडतात. पट्टा ओढणारं वजन नाही, म्यानही नाही. खिशाच्या कडेला क्लिप लावली की झालं. शिकारीला तर शस्त्रक्रियेच्या पात्यांसारखी पातळ, बदलायची पाती निघाली आहेत. बोथट झालं की काढायचं, नवं बसवायचं.

डेट्रॉइटच्या मिशिगन राज्यात बंदुकीनं हरणाची शिकार 15 नोव्हेंबरला सुरू होते. आमच्यातले बरेच जण शाकाहारी घरांतून आलेले, रानात जायचा प्रश्नच नव्हता. पण आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये चाकूंना धार लावायला आम्ही आवर्जून जाऊन बसायचो. अर्कान्सासचा पांढरा दगड, त्यावर तेलाचे दोन थेंब. पातं जरासं कलतं धरून दगडावरून न्यायचं, जणू दगडाचाच पातळ पापुद्रा काढायचा आहे. मग दुसरी बाजू. मान वाकलेली, बोलणं तुटक, कान दगडाच्या आवाजाकडे. कोन चुकला तर आवाज खरखरीत व्हायचा. जमला तर एकसारखा, मऊ. शेवटी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघायचा आणि चाकू शेजारच्याच्या हाती द्यायचा, मूठ त्याच्याकडे करून.

खरं सांगायचं तर तो चाकू फार गैरसोयीचा होता. सुमारे 200 ग्रॅम वजन. उघडायला दोन हात आणि नख लागायचं, तेही गारठलेल्या बोटांनी. रक्त आणि चरबी सांध्यात जाऊन बसायची. सुरुवातीचं 440सी पोलाद इतकं कडक, की धार गेली तर परत आणताना हात भरून यायचे. चाकू म्यानातच राहिला तर पितळ हिरवं पडायचं. त्यावर आमच्याकडे चिंच होती. चिंचेचा कोळ चोळून, धुऊन, पुसून पितळ लख्ख केलं की शेजारी थक्क व्हायचे, आणि दगडापाशी आम्हालाही जागा मिळायची.

चाकू भेट मिळाला तर देणाऱ्याच्या हातावर एक पेनी ठेवायची, नाहीतर मैत्री तुटते, असं शेजारी मानायचे. आमच्या घरी मिरची हातात देत नसत, भांडण होतं म्हणून. त्यामुळे ही रीत आम्हाला लगेच पटली. आता चाकू खोक्यातून दारात येतो, पेनी द्यायची कुणाला?

बक 110 अजून बनतो, आता आयडाहोत. त्याचं आजचं 420एचसी पोलाद धार लावायला पुष्कळ सोपं आहे. ज्यांच्या कपाटात तो जुना चाकू पडला असेल, त्यांनी येत्या 14 नोव्हेंबरला नातवंडांना घेऊन दगडापाशी बसावं, असं मनापासून वाटतं. शिकारीला जायलाच हवं असं नाही, पिकलेला टोमॅटो चिरायलाही चांगली धार लागते.