वहिनींच्या नावावर काय आहे?

पुढाऱ्याच्या घरात बिनसल्याची कुजबुज सुरू झाली की लोक विचारतात, ‘मग ती सोडून का जात नाही?’ कुणी म्हणतं खुर्चीचा मोह, कुणी म्हणतं संस्कार. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना ही दोन्ही उत्तरं मी खूप ऐकली आणि दोन्हींचा मला संताप येतो. माझा प्रश्न वेगळा आहे : ती बाहेर पडली, तर तिच्या हाती काय राहील?

हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना मी एलिनॉर रूझवेल्टची गोष्ट सांगते. १९१८ च्या सप्टेंबरात तिचा नवरा फ्रँकलिन, तेव्हाचा अमेरिकी नौदल खात्याचा सहायक सचिव, युरोपच्या दौऱ्यावरून न्यूमोनियानं खंगून परतला. त्याचं सामान लावताना तिला ल्यूसी मर्सरची प्रेमपत्रं सापडली. ल्यूसी एलिनॉरचीच सेक्रेटरी होती. एलिनॉरनं घटस्फोटाची तयारी दाखवली. पदरी पाच मुलं, धाकटा अडीच वर्षांचा. न्यूयॉर्क राज्यात त्या काळी घटस्फोट मिळे तो फक्त व्यभिचाराच्या कारणावर. हा कायदा बदलायला १९६७ उजाडलं. म्हणजे मोकळं व्हायचं तर नवऱ्याचं प्रकरण कोर्टात उभं करायचं. चरित्रकार सांगतात की सासूबाई सारा यांनी मुलाला बजावलं, संसार मोडलास तर घरचा पैसा बंद. राजकीय सल्लागार लुई हाव यांचं म्हणणं, घटस्फोट झाला की राजकारण संपलं.

सासूनं घराण्याचा हिशेब केला, सल्लागारानं निवडणुकीचा. एलिनॉरचा हिशेब तिचा तिलाच करावा लागला. ल्यूसीला पुन्हा भेटायचं नाही, या अटीवर संसार टिकला.

पुढच्या काळात तिनं जे केलं, ते मला त्या अटीपेक्षा मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कमधलं तिचं राहतं घर सासूनं बांधलेलं. शेजारी सासूचं घर, आणि दोन्हींच्या मजल्यांना जोडणारी आतली दारं. अशा घरात सुनेला स्वतःचा कोपरा कुठला? १९२१ मध्ये फ्रँकलिनला पोलिओ झाला. मुलानं हाइड पार्कच्या वाड्यात निवांत राहावं, अशी साराची इच्छा. एलिनॉर आणि हाव यांनी त्याचं नाव राजकारणात जागतं ठेवलं. त्यासाठी ती सभांना जाऊ लागली, बोलायला शिकली, पक्षाच्या महिला आघाडीत तिचं स्वतःचं वजन तयार झालं. मग दोन मैत्रिणींबरोबर व्हॅल-किलला तिनं घर बांधलं. जागा फ्रँकलिननंच दिली होती. १९२७ मध्ये त्याच मैत्रिणींसोबत मुलींची शाळा विकत घेतली आणि तिथे स्वतः शिकवलं. १९३५ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतलं सदर सुरू झालं. छप्पर, कमाई, नाव, तिन्ही तिची स्वतःची.

अट मात्र मोडली गेली. १२ एप्रिल १९४५ ला वॉर्म स्प्रिंग्ज इथे फ्रँकलिनला शेवटचा झटका आला, तेव्हा ल्यूसी तिथेच होती. आधीच्या काही भेटी तर पोटच्या मुलीनं, अ‍ॅनानं, घडवून आणल्या होत्या. हे सगळं एलिनॉरला त्याच्या मृत्यूनंतर कळलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ती संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी शिष्टमंडळात गेली, पुढे मानवी हक्क आयोगाची अध्यक्ष झाली. मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या हंसा मेहता याच आयोगात होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातले ‘सर्व पुरुष’ जाऊन ‘सर्व माणसं’ आली ती त्यांच्या आग्रहामुळे.

आपल्याकडे कायद्याची वाट तितकी अरुंद नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून परस्परसंमतीनं घटस्फोट मिळतो, सुनावणी बंद दाराआड होते, मजकूर छापायला बंदी आहे. तरी पुढाऱ्यांच्या घरातल्या ‘वहिनी’ थांबतात. कार्यकर्त्यांची जेवणं, वॉर्डातली हळदीकुंकवं, लग्नं, मयती, महिलांसाठी जागा राखीव झाली की स्वतः उमेदवारी, हे सगळं वर्षानुवर्षं त्यांनी केलेलं असतं. संसारात मिळून उभ्या केलेल्या मिळकतीत मात्र बायको म्हणून कायद्यानं हिस्सा नाही. तिला मिळते पोटगी. तिच्या नावावर जमीन असते, शेअर असतात, आणि चेकबुक दुसऱ्याच्या कपाटात.

अशी बाई सल्ल्याला आली की मी तिला नवऱ्याच्या उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र काढायला सांगते. २००३ पासून त्यात पती-पत्नी दोघांची मालमत्ता शपथेवर लिहावी लागते आणि ते कुणालाही पाहता येतं. आपल्या नावावर काय काय आहे, हे काही जणींना त्यातूनच पहिल्यांदा कळतं. थांबायचं की निघायचं, हे तिनं ते वाचून ठरवावं. थांबणार असेल, तर आधी बँकेतल्या सह्या स्वतःच्या हातात घ्याव्यात आणि राहतं घर कुणाच्या नावावर आहे ते तपासावं.

घटस्फोटाच्या वेळी पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं होतं. लोकसभेत ते मंजूर झालंच नाही आणि २०१४ मध्ये सभागृह विसर्जित झालं तसं रद्द झालं. ते पुन्हा मांडलं जावं, ही माझी मागणी आहे, आणि त्यासाठी सभागृहात बसलेल्यांच्या बायकांनीच पहिलं पत्र लिहावं.