छत्तीसगडची दैनंदिनी : मुक्काम पंडरी

सोमवार

नागपूर मागे पडलं की आझाद हिंदच्या डब्यातलं मराठी विरळ होत जातं. राजनांदगाव आलं तशी मी उठून दाराशी गेले. नगरच्या आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेनंतर गप्पा रंगल्या की या स्टेशनाचं नाव हमखास निघायचं. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी रेल्वेनं राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो साहेब कोण होता, याचा पत्ता मला लागला नाही. तो कुठं चालला होता आणि पुढं त्याचं काय झालं, हे मला टिळकांच्या बाप्तिस्म्याहून जास्त छळतं.

रायपूरला उतरून पंडरीत काकूंकडे आले. काकू म्हणजे आत्याची मैत्रीण. नर्सिंगच्या नोकरीसाठी तरुणपणी इकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांच्या मराठीत आता मधूनच ‘बने हे’ येतं. पंडरी म्हटलं की लोकांना कापडबाजार आठवतो. ठोकच्या दुकानांसमोर साड्यांचे गठ्ठे उतरत असतात आणि हमाल वाट मागत आरडत असतात. बाहेरगावचे लोक मात्र अजून बसस्टँडबद्दल विचारतात. तो भाठागावला हलवून काही वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना काकू ‘पुराना बसस्टँड’च म्हणाल्या.

उद्या पहाटे मिशनऱ्यांनी वसवलेलं विश्रामपूर.

मंगळवार

विश्रामपूर राहिलं. रात्रभर पाऊस कोसळला. सिमग्याच्या पुढं नाल्याला पाणी आलंय, असा निरोप काकूंच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं सकाळीच दिला. काकूंनी तांदळाच्या पिठाचे चिले घातले, टोमॅटोची चटणी वाटली आणि म्हणाल्या, “बस आता. मिशनवाल्यांचं वाचायला आलीयस ना? त्यांचं तरी कधी ठरल्यासारखं झालं?”

बरोबर आहे. ऑस्कर लोरचंच घ्या. सायलेशियाचा हा जर्मन गोस्नर मिशनतर्फे रांचीला होता. १८५७च्या उठावात तिथून जीव घेऊन पळाला आणि थेट अमेरिकेत जाऊन जर्मन वस्तीचा पाळक झाला. प्रकरण तिथंच मिटायला हरकत नव्हती. पण तिथल्या जर्मन मंडळींनी भारतासाठी मिशन काढलं आणि १८६८ साली लोर बायकामुलांसह मुंबईला उतरला. कुठं काम करायचं, हे पक्कं नव्हतं. नागपुरात स्कॉटिश मिशनचे कूपर होते. पाच वर्षांपूर्वी हिस्लॉप बोरी नदीत बुडाल्यापासून त्या मिशनचा भार त्यांच्यावर आला होता. आपल्याच्यानं तिकडे पोचणं होत नाही, तुम्ही छत्तीसगडला जा, हा सल्ला त्यांचा. नागपूरच्या एका बैठकीत लोरचं उरलेलं आयुष्य ठरून गेलं. तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती, बैलगाड्याच.

पाऊस दुपारीही थांबला नाही. बाजारातल्या दुकानदारांनी शटरं अर्ध्यावर ओढून घेतली आणि आत पत्ते सुरू केले.

बुधवार

आज उघडीप, पण ड्रायव्हर दुसऱ्या भाड्यावर गेला. मग शहरच पाहिलं : सेंट पॉल चर्च, सालेम शाळा, मिशनरी गास यांच्या नावाची संस्था. रायपुरातला मराठी माणूस भोसल्यांच्या कारभारापासून इथं आहे. माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, त्याचे प्रकाशक वामनराव लाखे रायपूरचेच. इथली जुनी मराठी घरं हिंदीत लिहीत होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

संध्याकाळी काकूंशी वाद झाला. त्या लोरच्या बाजूच्या. मी थोडी आडवी बोलले.

लोरला वाटलं होतं, सतनामी समाज सगळाच्या सगळा ख्रिस्ती होईल. ते मूर्तिपूजा करत नव्हते, जातीचा काच त्यांनी नाकारला होता, एका सत्यनामाला मानत होते. अर्धं काम त्यांचे गुरू घासीदास यांनी आधीच करून ठेवलंय, असा त्याचा हिशेब. भंडारच्या गुरुगादीवर त्याचं स्वागतही झालं. मग त्यानं जानवं काढायला सांगितलं.

आता हे जानवं काय होतं? घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी आपल्या लोकांना ते घातलं. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, त्यांच्या गळ्यात जानवं! वरच्या जातींना ते झोंबलं. १८६०च्या सुमारास बालकदासांची हत्या झाली. ती आठवण दहा वर्षांचीही झाली नव्हती आणि हा पाहुणा म्हणतो, जानवं काढा. लोक पांगले. थोडे जण बाप्तिस्म्याला राहिले. समाजच्या समाज यायचा होता, तो आलाच नाही.

काकू म्हणाल्या, “पण तो पळून गेला नाही. शाळा काढली, औषधं दिली, शेती केली.”

ते खरंच. सरकारकडून मिळवलेल्या दीड हजार एकरांहून जास्त पडीक जमिनीवर त्यानं विश्रामपूर वसवलं. रांची सुटली, देश बदलला, समाज हुकला, तरी माणूस नव्यानं मांडामांड करत राहिला. माझं म्हणणं एवढंच, की जे बदल परिस्थितीनं लादले ते सगळे त्यानं सोसले, आणि जो एक बदल त्याच्या स्वतःच्या हातात होता तो केला नाही. जानव्यावर तो एक पाऊल मागं आला असता तर छत्तीसगडचा इतिहास वेगळा झाला असता की नाही, कोण जाणे. निदान त्यानं आधी विचारायचं तरी : हे का घालता?

काकूंनी टीव्ही लावला. वाद संपला.

गुरुवार

अखेर विश्रामपूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बियासी चाललेली. उभ्या भातातून नांगर फिरवतात, तण मोडतं, रोपं विरळ होतात. आमच्या नगरकडच्या माणसाला बघून धडकीच भरते.

१८७३ साली पाया घातलेलं इमॅन्युएल चर्च अजून उभं आहे. आवारात एक वयस्क बाबा भेटले. मी लोरबद्दल विचारलं, तर ते आधी जमिनीबद्दल बोलायला लागले. मिशन इथं मालगुजार होतं. म्हणजे रविवारी उपदेश करणारा आणि सोमवारी सारा मागणारा साहेब एकच. त्यामुळे कुरबुरी व्हायच्याच, आणि ख्रिस्ती झालेले लोक काही मुकाट ऐकून घेणारे नव्हते. लग्न कुणाशी लावायचं, जंगलातलं लाकूड कुणी तोडायचं, यावरून साहेबाशी वाद घालत. “हमन घला मनखे अन,” बाबा म्हणाले. आम्हीही माणसंच की.

वस्ती वाढली ती १८९७ आणि १९००च्या दुष्काळांत. उपदेशाची योजना बाजूला पडली आणि पोरक्या मुलांना जेवू घालणं हेच काम होऊन बसलं. कुष्ठरोग्यांसाठी चांदखुरीचा आश्रम त्याच सुमारास मिशनच्याच नोट्रोट यांनी उभा केला. माझ्या मते छत्तीसगडच्या मिशनचं खरं टिकाऊ काम हे, आणि त्यातलं काहीही मिशन काढणाऱ्यांच्या न्यूयॉर्कच्या सभेत ठरलेलं नव्हतं.

परतताना काकूंना विचारलं, परदेशी साहेब गेले कसे? “एकदम नाही गं. व्हिसा अवघड झाला. एक रिटायर झाला की त्याच्या जागी दुसरा येईना.” मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६चा. १९७०च्या नोव्हेंबरात नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. साहेबांच्या खुर्च्यांवर इथलेच लोक बसले. काकूंची पहिली मेट्रनही छत्तीसगडीच होती, आणि कामाला वाघीण.

शुक्रवारी धमतरी. अमेरिकन मेनोनाइट १८९९ साली तिथं दुष्काळातच आले होते आणि त्यांनी काढलेल्या दवाखान्यात काकूंची मैत्रीण अजून आहे. बस भाठागावहून सुटते. काकूंनी अंगाकर रोटी बांधून द्यायचं कबूल केलंय, पण पाऊस पुन्हा धरला तर कांकेरकडून येणाऱ्या त्यांच्या भाच्याच्या जीपची वाट बघायची, असं ठरलंय.