एक सूत

आमच्या घरी १९७६ साली आलेली प्रीमियर पद्मिनी ही वडिलांच्या आयुष्यातली एकमेव मोटार. आणि नाव नोंदवल्यावर वर्षानुवर्षे तिची वाट पाहिलेली असल्यामुळे तिच्याविषयीची त्यांची वृत्ती मालकाची कमी आणि विश्वस्ताची अधिक होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली, हे ते आल्यागेल्याला सांगत. मात्र तिच्या चारही चाकांत ड्रमचे ब्रेक आहेत आणि लांब उतारावर त्यांचा भरवसा धरू नये, ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली, तीही मी अठरा वर्षांचा झाल्यावर, कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी गाडी बाजूला घेऊन. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर," एवढाच त्यांचा उपदेश. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरतो, म्हणून पेडल खोल जाते, हे कारण मला फार उशिरा समजले.

वडिलांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली. त्यांचा धीर काही आला नाही. सिंहगड रस्त्यावर पुढचा दुचाकीस्वार इशाऱ्याविना वळला, दोनदा ब्रेक मारूनही गाडी त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली, आणि त्या रात्री पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा निश्चय झाला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ मूळ बनावटीत परस्पर फेरफार करण्यास मुभा देत नाही, म्हणून संगम पुलाजवळच्या कार्यालयात रीतसर दरखास्त करून, मंजुरीचा कागद खिशात घालूनच मी नाना पेठेतल्या मिस्त्रींकडे गेलो. तो कागद पाहून त्यांना आलेले हसू त्यांनी फडक्याने तोंड पुसण्याच्या मिषाने लपवले.

दुसऱ्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर पद्मिनीच्या हबावर बसवण्याचे काम लेथवर दोन दिवसांत उरकले. डिस्कला पायाचा जोर अधिक लागतो, त्यामुळे बूस्टरचीही तजवीज झाली. चाक चढवले आणि हाताने फिरवले, तर ते अर्ध्या फेऱ्यातच खरखरून अडले. ड्रमच्या गोल पाठीच्या मापाने घडवलेल्या त्या पोलादी रिमच्या पोटात कॅलिपरचा चौकोनी खांदा मावत नव्हता. जुन्याचे आणि नव्याचे सूत जमेना.

नेमके कोठे अडते, हे डोळ्यांना दिसत नाही. चाक चढले की सारा मामला त्याच्या आड जातो. भाद्रपद नुकताच सरला होता, आणि गणपतीसाठी आणलेल्या शाडूचा एक गोळा आमच्या घरी ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. मिस्त्रींच्या सांगण्यावरून तो मी नेला. त्यांनी कॅलिपरच्या खांद्यावर त्याचा जाड थर थापला, चाक अलगद चढवून बोल्ट आवळले, सावकाश फिरवले, आणि उतरवले. मूर्तिकाराच्या बोटांनी उमटावा तसा रिमचा आतला बाक त्या मातीत उमटला होता. काही ठिकाणी थर चांगला जाड राहिला होता, परंतु चाकाची तबकडी जिथे कडेकडे वळते तिथे खालचे लोखंड उघडे पडले होते. "काका, इथं मातीच उरली नाही. एक सूत तरी पायजे." कारागिराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. स्थिर चाकाला केसभर फटही पुरेल. पण वळणावर चाक लवते, उष्णतेने धातू फुगतो, रस्त्यावरचा खडा आत शिरतो, म्हणून ही सुताची सवलत.

कॅलिपर ग्राइंडरने घासावा, हा मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाचा सल्ला मी तत्काळ फेटाळला. ज्या कवचाच्या आत तेलाचा दाब कोंडलेला असतो त्याची भिंत पातळ करणे म्हणजे सोयीसाठी तटबंदीच्या विटा काढणे होय. मग हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसरची चकती घातली. जागा झाली, पण बोल्टांची पकड तेवढीच उणावली. लांब बोल्ट आणले, तर बाहेर सरकलेला टायर पूर्ण वळणावर मडगार्डची कड चाटू लागला. एका फटीची भरपाई दुसऱ्या फटीतून होत होती.

शेवटी तीन रविवार आणि दोन बुधवार जुन्या बाजारात घालवल्यावर, गंजलेल्या कुलपांच्या आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यांच्या शेजारी, बोल्टांची वर्तुळे जुळणारे आणि आतला बाक जरा बाहेर गेलेले दोन रिम मिळाले. माझ्या खिशात शाडू होता. तिथेच मातीत त्यांचा बाक उमटवून घेतला. विक्रेता माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता तिचे वर्णन न केलेले बरे. दुसऱ्या दिवशी चाक चढले, फिरले, आणि उरलेला थर मिस्त्रींनी मोजला तेव्हा एक सूत भरून थोडा शिल्लक होता.

पुढच्या रविवारी कात्रजच्या बोगद्यापर्यंत गाडी नेली. उतरताना नव्या ब्रेकची परीक्षा घ्यावी असे मनात योजले होते. प्रत्यक्षात उतार लागताच डावा हात स्टिअरिंगखालच्या दांड्याकडे गेला, चढताना पडला होता तो तिसरा गिअर पडला, आणि इंजिन घुमत राहिले. पायथ्याशी थांबून मी चाकाच्या खिडकीतून डिस्कजवळ हात नेला. ती जेमतेम कोमट होती.