खारपाणपट्ट्यातून शिडाच्या नौकेवर

दूरच्या सागरी प्रवासासाठी बांधलेली शिडाची छोटी नौका साधारण तीस ते चाळीस फूट लांबीची असते. वादळात तग धरणे, एक-दोन माणसांच्या हातात राहणे आणि किनारा दिसत नसताना त्यांना कित्येक दिवस पोसणे, ही तिची तीन कामे. तिचा प्रत्येक भाग यांतल्या एखाद्या कामासाठी असतो. दर्यापूरहून मुंबईला गेलो असताना गेटवेसमोर नांगरलेली अशी एक नौका आतून-बाहेरून पाहता आली. रात्रभराचा प्रवास आणि कचेरीतले काम यांत सांगण्यासारखे काही नाही. हिवाळ्यातली ती सकाळ मात्र सविस्तर सांगायला हवी.

नौकेचा पाया म्हणजे पठाण, तळाचा कणा. त्याला शिशाचे किंवा लोखंडाचे वजन घट्ट बसवलेले असते. बहुतेक प्रवासी नौकांच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक त्यातच जातो. कापसाची बंडी उंच भरली की चाकोरीत कलंडते, कारण भार वर असतो. इथे भार तळाला असल्यामुळे वाऱ्याने नौका कलली की तेच वजन तिला पुन्हा उभी करते. पाण्यात खोल गेलेला कणा तिला आडवी घसरू देत नाही, म्हणून वारा समोरून साधारण पंचेचाळीस अंशांवर असला तरी ती पुढे जाते. जायचे ठिकाण थेट वाऱ्याच्या दिशेला असेल, तर आलटून पालटून दोन्ही अंगांनी वारा घेत नागमोडी वाट काढावी लागते.

डोलकाठीच्या मागे मोठे शीड, पुढे लहान शीड, ही आज सर्वांत जास्त आढळणारी मांडणी. वारा वाढला की मोठ्या शिडाचा खालचा भाग आवळून ते लहान करतात. हे काम वेळेवर करणे हाच खलाशाचा शहाणपणा. बंदरात ये-जा करण्यापुरते छोटे डिझेल इंजिन असते. गेटवेच्या मोटारलाँचींची घरघर आणि धूर मला मुळीच सोसत नाही. इथे इंजिन बंद झाले आणि नुसता दोरांचा करकर आवाज उरला, तेव्हा बरे वाटले. अशा जड नौकेचा वेग मुख्यतः तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. ही लांबी 28 फूट असेल तर कमाल वेग सुमारे 7 नॉट, म्हणजे ताशी 13 किलोमीटर.

खरे कुतूहल जागे झाले ते खाली, केबिनमध्ये. दोन्ही बाजूंना झोपायचे अरुंद बाक, मध्ये टेबल आणि जिन्यालगत स्वयंपाकाचा कोपरा. नौका कलली तरी भांडे सपाट राहावे म्हणून चूल दोन खिळींवर झुलती ठेवलेली. हात धुवायच्या कुंडीवर दोन तोट्या होत्या आणि खाली पायाने दाबायचे दोन पंप.

नौकेचे तांडेल रत्नागिरीकडचे, वयस्क. ते म्हणाले, "हा खारा, हा गोडा. भांडी खाऱ्यानं घासायची, शेवटी विसळायचं तेवढं गोड्यानं."

"काका, आमच्याकडेही असंच," मी म्हणालो. त्यांना ते खरे वाटेना. समुद्रापासून इतक्या दूर खारे पाणी कुठले? मग त्यांना पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सांगावा लागला. दर्यापूर तालुक्यातल्या कितीतरी विहिरींचे पाणी खारट. ते वापरायला, आणि प्यायचे गोडे पाणी लांबून आणायचे. शहानूर धरणाचे पाणी नळाने येण्याआधीच्या पिढीने हा हिशेब रोज केला आहे.

काकांनी मग बाकाखालची फळी उचलून टाकी दाखवली. तशीच दुसरी समोरच्या बाकाखाली होती आणि दोहोंमध्ये बंद करता येणारी झडप. एक टाकी नासली तरी दुसरी वाचावी, यासाठी ही सोय. पाणी जड असते, म्हणून टाक्या शक्य तितक्या खाली आणि मध्यभागी ठेवतात. माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून साठा ठरवायचा आणि वर राखीव कॅन. पंप पायाचा असण्याचे कारणही त्यांनीच सांगितले. हात मोकळे राहतात आणि पाय थांबला की धार थांबते. तोटी उघडी राहून साठा वाहून जात नाही.

या काटेकोरपणाची किंमत कळते ती 'सुहेली'च्या इतिहासातून. 32 फुटांची ही सागवानी नौका 1960च्या दशकात गेटवेपासून जवळच, कुलाब्यात, भारतीय कारागिरांनी बांधली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी तिच्यावरून इंग्लंडमधल्या फालमथहून एकटे निघाले आणि 22 एप्रिल 1969 रोजी कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असे करणारे ते पहिले. हा प्रवास म्हणजे एकट्याने, न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत होती; तीत उतरलेल्या नऊ जणांपैकी ती पूर्ण करणारेही तेच एकटे. वाटेत वादळाने नौका आडवी केली, टाकीतले पाणी नासले आणि त्यांना पावसाच्या पाण्यावर भागवावे लागले. वाऱ्यावर सुकाणू धरणारे यंत्र मोडले, तरी शिडे नीट जुळवली की जड, लांब कण्याची सुहेली आपली दिशा धरून राही. पुढे गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 56 फुटी 'म्हादेई'वरून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय.

वेगवान आणि चकचकीत नौका गेटवेसमोर पुष्कळ दिसतात. तरीही दूरच्या प्रवासाला जड कण्याची, सोप्या शिडांची आणि दोन टाक्यांची नौकाच खरी. वऱ्हाडातून मुंबईला जाणाऱ्यांनी संधी मिळाली तर अशा नौकेवर जरूर चढावे, आणि डोलकाठी पाहून झाली की गोड्या पाण्याची व्यवस्था दाखवायला सांगावी.