दोआबातील फ्रेंच कंपू : दिल्ली परिसराची दैनंदिनी

पहिला दिवस : नोएडा

नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा असलेला दगडी स्तंभ ११ सप्टेंबर १८०३ रोजी या परिसरात झालेल्या दिल्लीच्या लढाईचे स्मारक असून, पटपडगंजची लढाई या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या संग्रामात दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या पायदळ पलटणी व त्यांचा तोफखाना, जनरल लेकच्या इंग्रज फौजेशी झुंजले. शिंद्यांच्या बाजूचा सेनानी लुई बुर्काँ हा फ्रेंच होता, आणि म्हणूनच या लढाईची मुळे केवळ पेशव्याने इंग्रजांशी केलेल्या ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात शोधून भागत नाही. मे १८०३ मध्ये युरोपात इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध पुन्हा पेटले. जूनमध्ये इंग्रजांनी कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया हे बेट, जे या दोन सत्तांमध्ये वारंवार हस्तांतरित होत आले होते, फ्रेंचांकडून पुन्हा घेतले. आणि गव्हर्नर जनरल वेलस्ली याला गंगा-यमुनेच्या दोआबात शिंद्यांच्या चाकरीतील पेराँ या फ्रेंच सरदाराच्या रूपाने फ्रेंच राज्यच उभे राहिलेले दिसू लागले.

ही भीती अतिरंजित होती. पेराँ याला राष्ट्रापेक्षा आपली संपत्ती अधिक प्रिय होती, आणि अलीगढ परिसरातील पहिल्या पराभवानंतर, दिल्लीची लढाई होण्यापूर्वीच, तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला. लेकने घोडदळाच्या फसव्या माघारीने कंपूंना मोर्चाबाहेर ओढले व पायदळ पुढे घातले. बुर्काँही काही दिवसांतच शरण गेला. मारले गेले ते येथल्याच मुलखातले शिपाई व गोलंदाज, ज्यांची नावे कोणी कोरून ठेवलेली नाहीत.

दुसरा दिवस : लाल किल्ला

रोहिला सरदार गुलाम कादिराने १७८८ मध्ये याच किल्ल्यात बादशहा शाह आलम याचे डोळे काढले, आणि त्यानंतर महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली सोडवून त्या अंध बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. महादजींचे हे सामर्थ्य डी बॉईन या साव्हॉयी अधिकाऱ्याने उभारलेल्या पलटणींवर बऱ्याच अंशी आधारलेले होते. परंतु महादजींची जरब १७९४ मध्ये त्यांच्याबरोबरच संपली आणि दौलतरावांच्या काळात परकीय सेनानीच दोआबाच्या महसुलाचे धनी झाले. १६ सप्टेंबर १८०३ रोजी लेक बादशहाला भेटला, तेव्हा बादशहाचा पालक तेवढा बदलला.

तिसरा दिवस : लासवारी

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या अलवर जिल्ह्यातील या गावी १ नोव्हेंबर १८०३ रोजी, दक्षिणेतून आलेल्या पलटणी आणि दिल्लीहून निसटलेले शिपाई लेकपुढे अखेरचे उभे राहिले. युरोपीय अधिकारी साथ सोडून गेले असतानाही त्यांनी तोफा सोडल्या नाहीत, आणि खुद्द लेकने आपल्या अहवालात त्यांच्या शौर्याची कबुली दिली. ज्या पायदळाला दरबाराने परक्यांच्या नेतृत्वाशिवाय निरुपयोगी मानले, त्याच पायदळाने ती समजूत खोटी ठरवली. दोष शिपायांचा नव्हता, आपला सेनानी आपल्यातून न घडवणाऱ्या दरबाराचा होता. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दोआब व दिल्ली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, आणि फ्रेंचांना चाकरीत न ठेवण्याचे कलम दौलतरावांना मान्य करावे लागले.